त्यांच्या पेठेचा बॅक

फ्युनरल होममध्ये त्याला कोट-टाय घालून ठेवला होता. मी जवळ गेलो, नीट बघितलं आणि त्याच्या मुलाला विचारलं, "हा कोण?"

मुलगा घाबरला. त्याला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. माझं डोकं जागेवर होतं. पण हा माणूस मी लुंगीत बघितलेला, चड्डीत बघितलेला, चिखलानं माखलेल्या जर्सीत बघितलेला, मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या थंडीत मुलाचं जुनं जॅकेट आणि वर माकडटोपी अशा अवतारात बघितलेला. कोटात कधी बघितला नव्हता. त्याला कुणीतरी दुसऱ्याचेच कपडे घालून भलत्याच गावाला पाठवतंय असं वाटत होतं.

मग एकानं उभं राहून इंग्रजीत वाचलं. माझ्या सुनेनं कानाशी येऊन मराठीत सांगितलं. शांत स्वभावाचे होते, कमी बोलायचे, बागकामाची आवड होती. बागकाम म्हणजे घरामागच्या लाकडी डेकजवळ लावलेली टोमॅटोची रोपं, त्यातली निम्मी हरणांनी खाल्ली. आणि शांत? आमच्या पेठेच्या फॉरवर्डांना मॅचच्या आदल्या दिवशी ज्याच्यामुळं जेवण जायचं नाही, तो शांत?

मी कोल्हापूरचा. शाळा सातवीपर्यंत. सगळा जन्म फौंड्रीत गेला, साचे भरण्यात. बायको गेली तशी मुलगा म्हणाला, एकटं राहायचं नाही, आणि दोन हजार तीन साली मला इकडं मिशिगनला घेऊन आला. मुलगा गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर आहे. घर मोठं, गरम पाणी चोवीस तास, आणि दिवसभर बोलायला भिंती. हे मी लिहितोय ते सुनेनं शुद्ध करून दिलंय, पण तिला सांगून ठेवलंय, माझा शब्द बदलायचा नाही.

कोल्हापूरचा फुटबॉल बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही, तरी सांगतो. पेठेपेठेच्या तालमींचे संघ. पगार नाही, करार नाही. दिवसा कोण लेथवर, कोण दूध घालणारा, कोण गुळाच्या अड्ड्यावर, आणि संध्याकाळी तेच लोक मैदानात. मॅचच्या दिवशी आमच्या फौंड्रीचा मालक स्वतःच भट्टी लवकर बंद करायचा, कारण तोही गॅलरीत यायचा. आमची गॅलरी एका बाजूला, त्यांची समोर. समोरच्या गॅलरीनं शिव्या दिल्या की खेळाडू पास झाला. ज्याला कुणी शिवी देत नाही तो मैदानात उतरलाच कशाला, असा आमच्याकडचा हिशोब.

हा त्यांच्या पेठेचा बॅक. नगरपालिकेच्या पाणीखात्यात फिटर होता. पळायला मंद, उजवा पाय नुसता उभं राहायला, पण त्याच्या अंगावरनं कुणी पुढं गेलं नाही. त्यांची माणसं त्याला भिंत म्हणायची. आम्ही रेडा म्हणायचो. तो बॉलला हात लावायला आला, थ्रो घ्यायला आला, की आमची सगळी गॅलरी हंबरायची. तो आमच्याकडं बघायचा आणि डोक्याला शिंगं लावून दाखवायचा. मग आम्ही अजून हंबरायचो. आमच्या शिव्यांची एवढी मजा घेणारा दुसरा खेळाडू मी बघितला नाही.

आता तो इकडं कसा भेटला ते सांगतो.

माझी नात शनिवारी सॉकर खेळायला जायची. इकडं फुटबॉलला सॉकर म्हणतात. पोरांचे आईबाप घडीच्या खुर्च्या टाकून बसतात, हातात कॉफी, आणि काहीही झालं तरी "गुड जॉब" म्हणतात. बॉल गेला, गुड जॉब. पडली, गुड जॉब. मी तीन शनिवार तोंड दाबून बसलो. चौथ्याला नातीच्या पायात बॉल आला, समोर गोल मोकळा, आणि ती वेणी नीट करायला लागली. माझ्या तोंडातनं निघूनच गेलं, "अगं ए, मार की! वेण्या घालायला आलीस व्हय हितं?"

सगळे गोरे माझ्याकडं बघायला लागले. मुलगा म्हणाला, "बाबा, प्लीज."

तेवढ्यात पलीकडच्या खुर्चीवरनं आवाज आला, "बोंब तर ओळखीची हाय. पेठ कुठली?"

आमच्यात नाव नंतर, आधी पेठ. मी सांगितली.

"तरीच म्हटलं," तो म्हणाला. "खेळायला येत न्हाई ती तोंड चालवत्यात."

मी उठून त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. केस गेलेले, पोट आलेलं, पण ती मान. तसली मान दुसऱ्या कुणाची नाही. मी म्हणालो, "अरं रेड्या!"

तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्याची सून धावत पाणी घेऊन आली. म्हणाली, "काका, तुम्ही बाबांना काय म्हणालात?"

"काय न्हाई," तोच बोलला. "लई वर्सांनी कुणीतरी बरोबर नावानं हाक मारली."

मग पुढची चौकशी. मुलं किती, बायको कशी. बायको गेली म्हणालो. माहेर कुठलं होतं म्हणाला. आता ते सांगायला पाहिजे होतं. माझी बायको त्यांच्या पेठेतली. सांगितल्यावर त्यानं मला वरनं खालपर्यंत बघितलं. "सायकलवाल्याची थोरली? आयला, ती तुझ्यात दिली व्हय! मग तू आमचा दाजी की."

आमच्याकडं पेठेतल्या मुलीचा नवरा सगळ्या पेठेचा दाजी. त्या दिवसापासनं मी दाजी झालो. त्याची बायकोही मला दाजी म्हणायला लागली, मी तिला वहिनी.

पुढची तीन वर्षं आमची बरी गेली. हिवाळ्यात दोघं मॉलमध्ये चालायचो. गरम असतं आणि बर्फात घसरून पडायची भीती नाही. तो चालता चालता पुतळ्यांना घातलेले कपडे बघून नावं ठेवायचा. मी त्याला सांगायचो, रेड्या, डावीकडनं चाल, उजवा पाय तुझा आधीपासनंच बाद आहे. आणि मधनंच तो माझ्या बायकोबद्दल काहीतरी सांगायचा. ती लहानपणी चिंचेच्या झाडावर चढून वरनं पोरांच्या डोक्यावर चिंचोके मारायची. बापाच्या दुकानातली सायकल पळवून पार पंचगंगेपर्यंत गेली होती. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. चाळीस वर्षं संसार केला, आणि बायकोला सायकल येते हे मला मिशिगनच्या मॉलमध्ये कळलं. बायको गेल्यावर तिच्याबद्दल आता नवीन काही कळायचं नाही असं मी धरून चाललो होतो. ह्याच्यामुळं कळत होतं. थोडं थोडं सांगायचा. मी फार विचारत नव्हतो, लवकर संपेल म्हणून.

तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात वर्ल्ड कप आला. कोल्हापुरात वर्ल्ड कपला गल्लीगल्लीत झेंडे लागतात. त्यांची पेठ अर्जेंटिनाची, आम्ही ब्राझीलचे. इकडं मॅच सकाळी नाहीतर दुपारी लागायच्या. आम्ही त्याच्या बेसमेंटमध्ये, मध्ये शेंगदाण्याची पिशवी. आधी अर्जेंटिना बाहेर गेलं, मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याच दिवशी ब्राझील गेलं. त्यानं टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसती शेंगदाण्याची पिशवी माझ्याकडं सरकवली. तसा माणूस.

पण एक गोष्ट होती. आम्ही सगळ्या जुन्या मॅच उकरून काढायचो, शिव्या द्यायचो, आणि त्याचा मुलगा जिन्यावरनं खाली आला की हा गप्प व्हायचा. टोमॅटोवर बोलायला लागायचा. मुलाला त्यानं एवढंच सांगितलं होतं, थोडंफार खेळायचो, गुडघा गेला म्हणून सोडलं. गुडघा काही गेला नव्हता. गुडघा शेवटपर्यंत उत्तम होता, मॉलमध्ये मी दमायचो, तो नाही. त्यानं कशानं सोडलं ते मला माहीत होतं, सगळ्या कोल्हापूरला माहीत होतं. फक्त त्याच्या मुलाला माहीत नव्हतं.

सप्टेंबरात तो गेला. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या.

फ्युनरल होमवरनं परत येताना रेड्याच्या मुलानं मला आपल्या गाडीत घेतलं. गाडी रस्त्याला लागली. मग म्हणाला, "काका, आज जे वाचलं ना, ते मीच लिहून दिलं होतं. लिहायला बसलो आणि बागकामाच्या पुढं काही सुचेना. मला खरंच माहीत नाही ते कसे होते. मी जन्मायच्या आधीच त्यांनी खेळणं सोडलं."

"रविवारी घरी सगळ्यांना बोलावलंय. कोल्हापूरचे जेवढे आहेत तेवढे. तुम्ही बोलाल? दुसरे गोड बोलतील. तुम्ही खरं बोलता, म्हणून विचारतोय."

हो म्हणालो. आणि घरी येऊन पस्तावलो. कारण खरं बोलायचं तर ते बोलावं लागणार.

शनिवारी शेजारच्या टोलेडो शहरातनं फोन आला. तिथं आमच्या गावचा एकजण आहे, काचेच्या कारखान्यात. तो त्यांच्या पेठेचा. ज्या मॅचनंतर रेड्यानं खेळणं सोडलं ती झाली तेव्हा शाळेत होता, मैदानाच्या भिंतीवर बसून बघितली होती. म्हणाला, "दाजी, उद्या तुम्ही बोलणार असं ऐकलं. सेमसाइडचं काढू नका हां. मयताच्या घरी बरं दिसत नाही."

मी म्हणालो, "मग काय टोमॅटोवर बोलू?"

"काहीबी बोला. पण त्याच्या पोराम्होरं ते नको. त्यानंच सांगितलं नव्हतं न्हवं?"

हे खरं होतं. त्यानं सांगितलं नव्हतं. पण पोरगा बापाला शोधत होता आणि त्याच्या हाती गुडघा लागला होता, तोही खोटा. बायको असती तर बोलायचं की नाही ते एका शब्दात सांगितलं असतं. तिच्या पेठेचा माणूस होता तो, तिनंच सांगायला पाहिजे होतं.

रविवारी दुपारी सगळे जमले. पॉटलक होतं, म्हणजे प्रत्येकानं घरनं एक पदार्थ करून आणायचा. डायनिंग टेबलवर पुलाव, मटकीची उसळ, कुणीतरी आणलेला केक. भिंतीला टेकवून त्याचा फोटो, पासपोर्टचा मोठा केलेला. एकेकजण उठून बोलायला लागला. पितृतुल्य. ऋजू व्यक्तिमत्त्व. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो. त्यातल्या निम्म्यांनी त्याला खेळताना बघितलं नव्हतं, बाकीच्यांनी बघितलं होतं पण तसं दाखवत नव्हते. मुलगा सगळ्यांना मान हलवत होता. चेहरा फ्युनरल होममध्ये होता तसाच.

माझी पाळी आली. मी उठलो आणि मलाही तेच सुटलं, "दिवंगत आत्मा..." आणि पुढं अडकलो. हात कुठं ठेवायचे कळेना.

मागनं टोलेडोवाला हळूच म्हणाला, "तुमच्या पेठेला तोंड फुटत न्हाई असं पयल्यांदा बघतोय."

लोक दचकले. मला मात्र बरं वाटलं. गॅलरीतनं कुणीतरी बोललं की बोलायला येतं.

"दिवंगत गेला उडत," मी म्हणालो. "हा रेडा होता. ह्यानं आमच्या फॉरवर्डला एकदा बॉलवरनं उचलून लाइनच्या बाहेर ठेवलं होतं. पंचानं फाउल दिला तर पंचाला म्हणाला, साहेब, बॉल तर आत हाय. आम्ही ह्याला जेवढ्या शिव्या दिल्या तेवढ्या ब्रिटिशांनाही दिल्या नसतील. आणि हा आम्हाला शिंगं दाखवायचा, अशी!" मी दाखवली. मागं कुणीतरी हसलं. एकजण हंबरला. त्याची नात, सोफ्यावर बसलेली, आईला म्हणाली, "मॉम, व्हॉट इज हॅपनिंग?"

मुलगा टक लावून बघत होता. आता थांबता येत नव्हतं.

"ह्याचा गुडघा गेला नव्हता," मी त्याला म्हणालो. "फायनल होती. तुमच्या पेठेची आणि आमची. शून्य-शून्य, वेळ संपत आलेली. आमचा कॉर्नर. तुझ्या बापानं डोकं लावलं आणि बॉल स्वतःच्याच गोलमध्ये घातला. सेमसाइड. आम्ही जिंकलो. आमच्या पोरांनी आमच्या कॅप्टनसाठी हार आणून ठेवला होता, तो आम्ही तुझ्या बापाच्या गळ्यात घातला. आमचा सगळ्यात भारी फॉरवर्ड म्हणून खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारली. त्याचा एक पाय माझ्या खांद्यावर होता. मला त्याची लाज वाटत नाही. आम्हाला कोणी तसं केलं असतं तर आम्ही मारामारी केली असती. तुझा बाप काय म्हणाला माहितंय? म्हणाला, गोल मारला की हार घालत्यात, घाला. हार नीट केला आणि बसून राहिला. त्या दिवसापासनं आमची पेठ त्याची झाली. आणि त्या दिवसापासनं तो खेळला नाही."

टोलेडोवाला खाली बघत होता.

मुलगा म्हणाला, "मैदानावरनं सरळ घरी आले?"

"ते मला माहीत नाही."

"कसा झाला तो गोल? म्हणजे, ते कुठं उभे होते?"

"पोस्टपाशी. सोपा बॉल होता," मी म्हणालो.

"सोपा कुठनं?" टोलेडोवाला उसळला. "गोली बाहेर पळत आला म्हणून झालं. चूक गोलीची!"

"गोली जागेवर होता! माझ्या डोळ्यांनी बघितलंय."

"तुमच्या गॅलरीतनं धुळीशिवाय काय दिसायचं? मी भिंतीवर होतो."

"भिंतीवर तू चिंचा खात होतास."

मुलगा उठला. "बाहेर या," म्हणाला. "मला दाखवा."

सगळेच डेकवरनं खाली मागच्या गवतात उतरलो. मुलानं गॅरेजमधनं मुलीचा बॉल आणला. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या गोलपोस्ट म्हणून ठेवल्या. कॉर्नर कुठनं यावरनं पुन्हा भांडण. मी मुलाला धरून खुर्चीपाशी उभा केला. टोलेडोवाल्यानं त्याला पुढं ओढला. मी मागं ओढला. ज्यांनी मघाशी ऋजू व्यक्तिमत्त्व म्हटलं होतं ते आता आमच्या फॉरवर्डच्या जागी उभं राहायला तयार झाले. मुलगा मधेच, जिकडं ओढतील तिकडं. म्हणाला, "इथून तर सहज बाहेर मारता आला असता."

"तेच तर!" मी म्हणालो.

"तिथं नव्हता तो," वरनं आवाज आला.

वहिनी डेकवर उभ्या होत्या. कठड्याला धरून पायऱ्या उतरल्या.

"तुम्ही कुठं होता, वहिनी?" मी विचारलं. तेव्हा बायका मैदानावर येत नव्हत्या.

"मैदानामागच्या माडीवर. चोरून बघायला जायचो आम्ही. तुमची बायकोबी असायची."

माझी बायको मला कायम सांगायची, मला त्यातलं काय कळत नाही.

"सगळ्यात जास्त तीच वराडायची. आमच्या पेठेच्या नावानं," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी गोल झाला तशी मटकन खाली बसली आणि रडाय लागली. मग पदरानं तोंड पुसलं. मला म्हणाली, चल बाई, आता घरी जाऊन हसायला लागणार."

त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा तिनं शिरा केला होता. हसत वाढला होता. बायको आपल्या पेठेची झाली म्हणून मी मित्रांना सांगत फिरलो होतो.

मला तिथंच गवतात बसावं लागलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, सगळे वहिनींकडं बघत होते. त्यांनी मुलाचा दंड धरला आणि त्याला उजवीकडं नेला. अजून उजवीकडं. गोलपासनं पार लांब, टोमॅटोच्या वाफ्यापर्यंत.

"हितं होता. गोली बाहेर आला आणि बॉल त्याच्या डोक्यावरनं गेला. गोल मोकळा. बाकीचे नुसते बघत उभे. ह्यो हितनं पळाला. पोचला ते पोचला, पण मान वळली न्हाई. कानाला लागून गेला बॉल." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "दाजी, सोपा न्हवता."

मी चाळीस वर्षं सोपा म्हणत होतो. आमच्या गॅलरीतनं तसाच दिसला होता.

"तुझा बाप घरी आला आणि मला म्हणाला, मी पळालो नसतो तर कुणीबी मला काय म्हणालं नसतं," त्या मुलाला म्हणाल्या. "एवढंच बोलला. मग गुडघा दुखतो म्हणायला लागला."

मुलगा वाफ्यापाशी उभा राहिला. ऑफिसचे बूट होते, ते त्यानं काढले. टोलेडोवाल्यानं कोपऱ्यातनं बॉल मारला, बरा मारला. मुलगा पळाला. पोटऱ्यांत दम नाही, कॉम्प्युटरवर बसणारा माणूस, तरी पळाला. पोचता पोचता बॉल त्याच्या खांद्याला लागला आणि शेजाऱ्याच्या गवतात गेला. तो घसरून गुडघ्यावर पडला. पँट हिरवी झाली.

रेड्याची सून डेकवरनं म्हणाली, "अरे, जेवण गार होतंय!"

कुणी हललं नाही. मी खालनंच हंबरलो. मग टोलेडोवाला हंबरला, आपल्याच पेठेच्या माणसाला, आयुष्यात पहिल्यांदा. मुलगा उठला, हात झटकले, चालत परत वाफ्यापाशी गेला आणि आईनं उभं केलं होतं तिथंच उभा राहिला.

"काका," तो टोलेडोवाल्याला म्हणाला, "परत मारा."